सत्तेचाळीस नंबरची काच

आमच्या शेटे मॅडमना वास यायचा नाही. कोरोनात गेला तो परत आलाच नाही. तोंडाला चव आली, छातीत दम आला, पण नाक काही उघडलं नाही. त्यामुळं बीडच्या आमच्या कॉलेजात तीन-साडेतीन वर्षं मी त्यांचं नाक होतो. फिजिक्सच्या लॅबमागच्या खोलीत त्यांचं एक मशीन होतं. त्याचं झाकण उघडलं की मॅडम बाजूला सरायच्या आणि म्हणायच्या, "कोकरे, नाक लावा." मी वाकून वास घ्यायचा आणि सांगायचं: तेलाचा येतोय, रबराचा येतोय, काहीच येत नाही. मी सांगेन ते त्या प्रयोगाच्या वहीत लिहायच्या. लॅब असिस्टंटच्या नाकावर इतका भरवसा जगात दुसऱ्या कुणी ठेवला नसेल. त्या वहीत माझी एक ओळ खोटी आहे. तिच्यापर्यंत मी येतोच, पण आधी बाई कशी होती ते सांगायला पाहिजे. नाहीतर मी काय करून बसलो ते कळायचं नाही.

मॅडम मूळच्या धर्मापुरीच्या. घरचं किराणा दुकान, ते भाऊ बघायचा. लग्न केलं नव्हतं आणि काहून केलं नाही असं विचारायची कुणाची छाती नव्हती. पन्नाशीच्या, बुटक्या, कपाळावर विभूतीचा पुसटसा पट्टा, पदराआड गळ्यात इष्टलिंग, आणि पायात चक्क पुरुषी सँडल. चालायच्या अशा की जणू परळीची एसटी सुटतेय. डबा उभ्यानं खायच्या. ज्वारीची भाकर, त्यावर शेंगदाण्याची चटणी, डाव्या हातात भाकर आणि उजव्या हातात पेन.

कँटीनचा चहा एकदा लई वाईट झालता. सगळे प्राध्यापक कँटीनवाल्यावर तुटून पडले. मॅडम घोट घोट पीत म्हणाल्या, "चहा वाईट नसतो हो. त्यात काहीतरी जास्त पडलेलं असतं, न्हाईतर कमी. ते काय ते शोधा, माणसाला कशाला शिव्या देता?" हे त्यांचं नेहमीचं. दोन मास्तर भांडले तरी हेच, पोरगी नापास झाली तरी हेच. कशात काय किती पडलंय ते बघा. मला राग यायचा. म्हटलं, ही बाई माणसालासुद्धा मिश्रण समजते.

पण त्यांचं कामच तसलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'दुर्मिळ मृदा' असा शब्द सांगितला तेव्हा मी हसलो होतो. आम्ही उमापूरकडचे, मेंढरामागं हिंडणारे धनगर. मातीच माती बघितली जन्मभर, दुर्मिळ कुठली आली? मग त्यांनी समजावून दिलं. यट्रियम, गॅडोलिनियम असले धातू. मशीनमधली हवा पंपानं ओढून टाकायची, थोडा हायड्रोजन सोडायचा, आणि त्या धातूचा एक थर काचपट्टीवर बसवायचा. थर इतका पातळ की हाताला कळणार नाही. मग पट्टी बाहेर काढायची. बाहेर आली की ती हवेतला ऑक्सिजन पिते. किती पिते, त्यावर सगळा खेळ.

"कमी प्याली तर पत्र्यासारखी काळी राहते, कायमची," मॅडम म्हणाल्या. "जास्त प्याली तर पाण्यासारखी स्वच्छ, पण मग उन्हाला दाद देत न्हाई. मधलं प्रमाण जमलं तर पिवळसर होते. उन्हात धरली की काळवंडते, अंधारात ठेवली की परत उजळते."

"मग जमलंच की," मी म्हणालो.

"कुठलं जमलं? जी जास्त काळी होते ती उजळायला दोन-दोन दिवस घेते. जी लवकर उजळते ती धड काळीच होत न्हाई. आणि कुठलीही घ्या, दर वेळी उजळायला आधीपेक्षा जास्त वेळ लावते. मला अशी पायजे, की जी भरपूर काळी होईल आणि पटकन माघारी येईल." एवढं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या मधल्या प्रमाणात आणखी काहीतरी पडायला पायजे. काय ते मला म्हाईत न्हाई."

हे वाक्य मी आज शंभर वेळा आठवतो. त्या दिवशी फक्त मान हलवली होती.

नवीन होतो तेव्हा मी एक काचपट्टी उपरण्याच्या टोकानं पुसून मशीनमध्ये लावली. आपल्याला वाटलं, स्वच्छता. दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावून ती पट्टी खिडकीत धरली. ऊन पडलं, पट्टी काळवंडायला लागली, आणि मधोमध माझा अंगठा उमटला. रेघ न् रेघ. तलाठ्याकडं देतात तसा. वाटलं, आता हाकलतात. तर त्या म्हणाल्या, "बघा, तुमच्या बोटाच्या तेलानं एवढं होतं. या चेंबरात मला विचारल्याशिवाय माणसाचा श्वाससुद्धा जाता कामा न्हाई. आणि गेलाच, तर मला येऊन सांगायचं. मी रागवीन, लई रागवीन. पण सांगायचं."

"सांगीन," मी म्हणालो.

संस्थेच्या अध्यक्षांना ही खोली हवी होती. बीडमध्ये कोचिंग क्लासचं पीक काय आलंय ते सगळ्यांना माहीत आहे. अध्यक्षांनाही कॉलेजच्या आवारात क्लास काढायचा होता आणि मशीनची खोली नेमकी रस्त्याच्या बाजूला. एके दिवशी ते चार माणसं घेऊन बघायला आले. काचपट्टी हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, काच काळीच करायची तर कंदिलावर धरा की! त्याला एवढी खोली अडवायची काय गरज?" चौघंही हसले. मीपण, खोटं कशाला बोलू, थोडा हसलो.

मॅडम म्हणाल्या, "काळी कुणीही करतं साहेब. माघारी आणायची हाय."

अध्यक्षांनी मग गोड बोलून सांगितलं: पुण्याहून एक तज्ज्ञ साहेब दिवाळीनंतर कॉलेज तपासायला येणार आहेत. त्यांना काही दाखवण्यासारखं झालं तर खोली तुमची. नाही झालं तर मशीन गोदामात. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं." पण त्या दिवसापासून त्यांची भाकर डब्यात तशीच घरी जायला लागली. त्या मशीनशिवाय बाईला दुसरं काय होतं? भावाच्या दुकानात बसून साखर मोजणार होत्या का?

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी हत्याराची, औजाराची पूजा. माझा बाप कातरीची पूजा करायचा, जिनं मेंढरं कातरतात. कॉलेजात आम्ही सगळे लॅबवाले वजनकाटे, सूक्ष्मदर्शक, कॉम्प्युटर, सगळ्याला झेंडू घालतो. मॅडम गावी गेल्या होत्या. मी त्यांच्या मशीनला बाहेरून हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ दारात फोडला. राहिली आरती. पण खोलीत हायड्रोजनचा सिलिंडर. तिथं काडी ओढायची नाही, हा मॅडमचा सगळ्यात कडक नियम, आणि तो मी कधी मोडला नाही. कापराची वडी हातात, आणि पेटवता येत नाही. बिनआरतीची पूजा कसली? मनाला लागून राहिलं. पुण्याचा साहेब येणार, बाईचं सगळं आयुष्य या एका डब्यात, आणि त्याची पूजा अर्धी?

मी चेंबरचं झाकण उचललं. वडी मोडून अर्धी केली आणि आतल्या आडव्या पत्र्यामागं, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली. न पेटवता, नैवेद्य ठेवावा तशी. हात जोडले. म्हटलं, देवा, या बाईची एक तरी काच साधू दे. दसरा झाला की काढून घेऊ, असा हिशोब होता.

दसऱ्यानंतर मी जरा उशिरानं गेलो. बघतो तर मॅडम आधीच हजर. काचा लावून, झाकण बंद करून पंप चालू केलेला. त्या पंपाच्या काट्याकडं बघत म्हणाल्या, "आज हवा ओढायला लई वेळ घेतोय. परतीच्या पावसाची दमट हवा शिरली वाटतं." मी म्हणालो, "असंल." तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती, कागदावर मॅडमची सही लागणार होती, आणि मुख्य म्हणजे मला लाज वाटली. अंगठ्याच्या वेळी एकदा झालं होतं. पुन्हा गावंढळ ठरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थर बसला. झाकण उघडलं. मॅडम बाजूला सरल्या.

"कोकरे, नाक लावा."

मी वाकलो. आतून कापराचा वास आला. थोडासाच, पण देवळात येतो तसा स्वच्छ. पत्र्यामागं बोट घालून बघितलं तर वडी नव्हती. हवेत विरून गेली होती.

"कसला येतोय?"

"काहीच न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: वास नाही. ती ही ओळ.

त्या घाण्यातली सत्तेचाळीस नंबरची काच. ती मॅडमनी गच्चीवर उन्हात नेली आणि मी बघतच राहिलो. बघता बघता शाईसारखी काळी झाली. मग त्यांनी ती काळ्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली. आम्ही चहा पिऊन आलो. कापड काढलं तर काच स्वच्छ. माघारी आलेली! मॅडमनी पुन्हा उन्हात धरली, पुन्हा काळी, पुन्हा चहा, पुन्हा स्वच्छ. त्या दिवशी आम्ही सात चहा प्यालो. शेवटच्या खेपेला तर त्यांनी काच डोळ्यांसमोर धरून सरळ सूर्याकडं बघितलं आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "कोकरे, गोळा दिसतोय! सूर्याचा अख्खा गोळा! डोळ्याला जरासुद्धा लागत न्हाई!"

हीच बाई ग्रहणाच्या दिवशी अख्ख्या कॉलेजला दम भरायची, की काळ्या काचेतून सूर्याकडं बघाल तर याद राखा. डोळा दिपत नाही म्हणजे भाजत नाही असं नसतं. मी आठवणही करून दिली. म्हणाल्या, "एकदाच हो. दोन सेकंद." मीही खुशीत होतो. म्हटलं, देवानं ऐकलं. अर्ध्या वडीत काम झालं.

पण पुढचा घाणा काढला आणि काच थोडी कमी निघाली. त्याच्या पुढची आणखी कमी. चौथ्या घाण्याला आमची जुनीच रडकथा: काळी झाली तर उजळेना, उजळली तर काळी होईना. मॅडमनी सगळं तेच केलं होतं. तोच धातू, तोच हायड्रोजन, तेवढाच वेळ. त्या वही घेऊन एकेक ओळ वाचायच्या. "काहीतरी त्या दिवशी येगळं होतं. काहीतरी आत पडलं होतं. कोकरे, आठवा बरं, तुम्ही काय पुसलं होतं? कशानं?"

"नेहमीच्याच फडक्यानं, मॅडम."

"वास खरंच नव्हता?"

"न्हाई."

तीनदा विचारलं त्यांनी मला. वेगवेगळ्या दिवशी, तीनदा. आणि मी तीनदा तेच सांगितलं. पहिल्यांदा भीतीनं, दुसऱ्यांदा पहिलं सांगितलं होतं म्हणून. तिसऱ्यांदा मात्र मला खरंच वाटायला लागलं होतं की कापराचा काय संबंध? देवाची वस्तू, तिनं वाईट कसं होईल? असं मन फसवत होतो. लाज वाटते आज लिहिताना.

विद्यापीठातून शेड मोजायचं यंत्र मागितलं तर ते बंद. मग मॅडमनी स्वतःची रीत काढली. नवी काच निघाली की गच्चीवर जायचं, ती एका डोळ्यापुढं धरायची, सूर्याकडं बघायचं आणि आकडे मोजायचे. कितव्या आकड्याला गोळा डोळ्याला सोसतो, तो त्या काचेचा नंबर. सत्तेचाळीस पुन्हा धरून मोजली, तर तिला पाचावर सोसला. आता या नव्या काचा, यांना तीस झाले, चाळीस झाले तरी अंधार येईना. आणि मॅडम बघतायत. रोज दुपारी, टळटळीत उन्हात, तोंड वर करून. एक डोळा थकला की दुसरा.

"मॅडम, गॉगल तरी घाला," मी म्हणायचो.

"गॉगलमधून शेड कळत न्हाई."

"आवो पण डोळे..."

"म्हाईत हाय मला!" त्या ओरडल्या एकदा. "सगळं म्हाईत हाय. तुमी मला फिजिक्स शिकवू नका. ती काच झाली होती, कोकरे. मी डोळ्यानं बघितलीय. झाली होती तर पुन्हा झालीच पायजे."

मी तिथंच, गच्चीच्या जिन्यात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्या खाली आल्या असत्या. बोललो नाही. सही झाली होती, ऑर्डर यायची होती. एवढी ऑर्डर येऊ दे, मग सांगतो, असं रोज म्हणत होतो.

दिवाळीची सुट्टी संपली. मॅडम कपाच्या बाहेर चहा ओतायला लागल्या. हजेरी घेताना पुस्तक तिरपं धरायच्या, कोंबडी दाण्याकडं बघते तशा एका अंगानं बघायच्या. पोरं हसायची. एकदा भर दुपारी मला म्हणाल्या, "फळ्यावर मधोमध काय सांडलंय ते पुसा हो." फळ्यावर काहीही नव्हतं. मी पुसल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, "अजून हाय."

पुण्याचे साहेब आले. अध्यक्ष, प्राचार्य, सगळे खोलीत. मॅडमनी सत्तेचाळीस नंबरची काच दाखवली. उन्हात धरली, काळी झाली, झाकली, उजळली. साहेब खुर्चीवरून उठलेच. "हे तुम्ही इथं केलंत? बीडमध्ये?" अध्यक्ष तर माझ्याही पाठीवर थाप मारून मोकळे झाले. आता मॅडमनी नुसतं हो म्हणायचं होतं. खोली त्यांची, मशीन त्यांचं, नाव त्यांचं.

मॅडम म्हणाल्या, "केली. पण ही मला पुन्हा करता येत न्हाई. तिच्यात काय पडलं ते मला म्हाईत न्हाई. म्हणून हिला माझी म्हणून लिहू नका."

साहेब म्हणाले, "अहो, पण समोर आहे ना!"

"समोर हाय. पण कशानं झाली ते सांगता येत न्हाई, तर ते माझं काम न्हाई."

मी सिलिंडरला टेकून उभा होतो. खोलीत कुणालाच माहीत नव्हतं ते एकट्या मला माहीत होतं. आणि माझ्या खिशात आदल्या दिवशीची ऑर्डर होती.

आठवड्याभरात मशीन गोदामात गेलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग भाजलाय, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसेल, मधलं आता नाही. मॅडमनी राजीनामा लिहिला. म्हणजे त्यांनी सांगितला आणि मी लिहिला, त्यांना ओळ धरता येत नव्हती. सहीच्या जागी मी त्यांचं बोट टेकवलं.

सांगायला मला पुढची खंडेनवमी यावी लागली. त्या दिवशी कॉलेजात पूजेचं ताट माझ्या हातात दिलं आणि माझ्यानं ते धरवेना. ताट तिथंच ठेवलं, परळीची गाडी पकडली आणि पुढं धर्मापुरीला गेलो. भावाच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर मॅडम बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. "या, कोकरे," म्हणाल्या, पण माझ्याकडं बघेनात. माझ्या कानावरून मागच्या भिंतीकडं बघत राहिल्या. मला वाटलं, कळलं यांना. मी उभ्याउभ्याच सगळं ओकलो. वडी, पत्रा, वास, तीनदा विचारलेलं, सगळं.

दुकानात भाऊ गिऱ्हाइकाला डाळ देत होता. मग त्यांनी विचारलं, "वडी केवढी होती?"

"अर्धी."

"भीमसेनी का साधा?"

"साधा. पुडीतला."

"पत्र्याच्या कुठल्या बाजूला? पंपाच्या का काचेच्या?"

"काचेच्या."

त्यांचे ओठ हलत होते. मनातल्या मनात काहीतरी मांडत होत्या. "कापूर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन," त्या हळू म्हणाल्या. "हवेत इरला आणि थरात गेला. तेच असणार. तेच शोधत होते मी." आणि मग, रागानं नाही, अगदी सांगितल्यासारखं: "त्या दिवशी सांगितलं असतं, तर दुसऱ्या घाण्यात मी मुद्दाम कापूर घातला असता."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर मी समजत होतो की सत्तेचाळीसची काच देवानं साधली आणि आत उरलेल्या माझ्या कापरानं त्यांचं पुढचं काम नासलं. कापरानं तर काम केलं होतं. नासलं ते माझ्या गप्प बसण्यानं.

मी त्यांच्या पायाशी बसलो. रडायला आलं. म्हटलं, "मॅडम, शिव्या द्या, चप्पल मारा, पण असं तोंड फिरवू नका. एकदा माझ्याकडं सरळ बघा."

"तोंड फिरवलं न्हाई हो. बाजूला बघितलं की तुमी दिसता, म्हणून बाजूला बघत होते."

मग त्यांनी मान वळवली. दोन्ही डोळे माझ्या तोंडावर आणून ठेवले, बरोबर मधोमध.

"बघा, बघितलं सरळ," मॅडम म्हणाल्या. "आता तुमी न्हाईत."

आणि तशाच, नजर न हलवता, माझ्याकडं बघत बसून राहिल्या.